गाडीत आणि सॅकमध्ये एकच रिग? एफटी-८९१, आयसी-७०५ की जी-९०

हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं की बहुतेकांच्या मनात हेच असतं, की असा एक छोटा सेट (रिग) घ्यायचा जो एरवी गाडीत राहील आणि रविवारी काढून गडावर नेता येईल, म्हणजे दोनदा खर्च नको. माझंही तसंच होतं. त्यामुळे हे तीन सेट शेजारी ठेवून सांगतो, म्हणजे तुमचा निर्णय तुम्हाला सोपा जाईल.

आधी याएसूचा एफटी-८९१. एचएफ (म्हणजे शॉर्टवेव्ह) आणि ५० मेगाहर्ट्झ, पूर्ण १०० वॅट, वजन १.९ किलो, आणि समोरचा पॅनेल वेगळ्या किटने सुटा होतो, म्हणजे बॉडी सीटखाली आणि पॅनेल डॅशबोर्डवर. गाडीसाठी ही सोय खूप मोठी आहे कारण आजकालच्या गाड्यांत सेट ठेवायला जागाच नसते. मोठा डायल, हाताला सापडणारा, नॉइज ब्लँकर आणि डीएनआर (खरखर-टकटक दाबणाऱ्या सोयी) चांगले, आणि चालत्या गाडीत अल्टरनेटरची शीळ आणि इग्निशनची टकटक असते तेव्हा हेच कामाला येतं. शिवाय त्यांचाच मोटरवाला अँटेना एटीएएस-१२०ए याच्याशी थेट जुळतो, बँड बदलला की बटण दाबून ट्यून.

पण करंट! १०० वॅटवर साधारण २३ अँपिअर घेतो. लायटर सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, आणि मी सुरुवातीला घाई करून तिथूनच सप्लाय घेतला होता, कसारा घाटात पहिल्याच कॉलला फ्यूज उडाला. तेव्हापासून जाड वायर थेट बॅटरीपासून, प्लस आणि मायनस दोन्हीला बॅटरीच्या जवळच फ्यूज, आणि बोनेटमधून आत येते तिथे रबरी ग्रोमेट. हे काम नीट करून घ्या, एक दिवस गेला तरी चालेल.

आयकॉमचा आयसी-७०५ म्हणजे वेगळाच विचार आहे. एचएफ, ५०, १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झ सगळं एकात, स्वतःची बॅटरी धरून वजन साधारण १.१ किलो, ४.३ इंचाचा टचस्क्रीन, वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल दाखवणारं चित्र), जीपीएस, ब्लूटूथ, वायफाय, डी-स्टार (डिजिटल आवाजाचा मोड). आतल्या बॅटरीवर ५ वॅट, बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की १० वॅट. एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) करायचं असेल तर एकच यूएसबी केबल लावली की झालं. ८९१ ला यूएसबीतून फक्त कंट्रोल मिळतं, ऑडिओसाठी वेगळा इंटरफेस घ्यावा लागतो, डिजिटलवाल्यांनी हा खर्च आधीच धरा.

आता गडावर काय होतं ते बघा. ८९१ नुसतं ऐकायलासुद्धा दोनेक अँपिअर खातो, म्हणजे १२ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी नेली तरी फक्त ऐकण्यात पाच-सहा तासांत संपणार, आणि ट्रान्समिट केलं की त्याच्या कितीतरी आधी. ७०५ ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत असतो, तीच बॅटरी दिवसभर पुरून उरते. कळसूबाई १,६४६ मीटर, त्यात त्या लोखंडी शिड्या, पाठीवर सेट, बॅटरी, अँटेना टांगायला मासे धरायचा फायबरचा दांडा, वायर आणि पाणी, तिथे एकेक किलो जाणवतो हो.

मग १० वॅट पुरतात का? १०० आणि १० मध्ये फरक १० डीबी, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर दीड-पावणेदोन एस युनिट (त्या मीटरवरची घरं). उघड्या डोंगरावर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) हाफवेव्ह अँटेना, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची सुमारे २० मीटर वायर, नीट टांगला तर हा फरक बराचसा भरून निघतो. गाडीत मात्र उलटं आहे. ७ मेगाहर्ट्झला क्वार्टरवेव्हच (पाव तरंगलांबी) साडेदहा मीटर होतो आणि गाडीवर आपण लावणार दोन-अडीच मीटरचा कॉइलवाला व्हिप (सळईसारखा अँटेना), त्यात पॉवरचा फार थोडाच भाग हवेत जातो. १० वॅटचा तसा थोडा भाग म्हणजे सकाळच्या ४० मीटरच्या गर्दीत कोण ऐकणार? म्हणून गाडीत १०० वॅटची खरी गरज आहे असं माझं ठाम मत आहे. आणि ७०५ चा पॅनेल सुटा होत नाही, जाडी ८ सेंटिमीटरच्या वर, टचस्क्रीनकडे बघत गाडी चालवायची तर नकोच.

तिसरा झिएगू जी-९०. २० वॅट, फक्त एचएफ, पॅनेल सुटा होतो, आणि आत ऑटो ट्यूनर आहे जो या तिघांत फक्त यालाच आहे. नेमका कापलेला अँटेना नसला, झाडावर मिळेल तेवढी वायर टाकली तरी पटकन जुळवून देतो. करंट कमी, किंमत बाकी दोघांपेक्षा बरीच कमी. स्क्रीन लहान, एफएम नाही, ५० मेगाहर्ट्झ नाही. पहिलाच एचएफ सेट असेल आणि बजेट ताणायचं नसेल तर मी बिनधास्त हा घ्या म्हणेन, उरलेल्या पैशात चांगली बॅटरी आणि अँटेना येतो.

व्हीएचएफचं (१४४ मेगाहर्ट्झ, म्हणजे २ मीटरचा बँड) विसरू नका. तुमचा ग्रुप २ मीटर रिपीटरवर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) बोलत असेल, किंवा स्पेस स्टेशनचं १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐकायचं असेल, तर ८९१ आणि जी-९० दोन्ही उपयोगाचे नाहीत, हँडी (हातातला छोटा सेट) वेगळा लागेलच. ७०५ मध्ये ते आहे. याएसूचा नवा एफटीएक्स-१ सुद्धा आहे, त्याचं डोकं (मुख्य सेट) ६ वॅटवर बॅटरीने चालतं, बाहेरच्या सप्लायवर १० वॅट, आणि गाडीत वा घरी १०० वॅटचा अँप्लिफायर जोडता येतो. कल्पना मला फार आवडली, पण तो मी वापरलेला नाही म्हणून वरच्या तिघांत धरला नाही.

तुमचे तीन चतुर्थांश क्यूएसओ (रेडिओवरची बोलणी) गाडीतून होणार असतील तर ८९१ आणि सोबत एक स्वस्त हँडी. पायी फिरणारे असाल तर ७०५, आणि गाडीत फक्त पार्क करून वायर टांगून बोलायचं. पावसाळ्यात दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या, वॉटरप्रूफ एकही नाही. गाडीत लावायच्या आधी आपल्या लायसन्सच्या अटी आणि पॉवरची मर्यादा वाचून घ्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांना (लायसन्सची खालची श्रेणी) मर्यादा कमी आहे, त्यांनी ८९१ ची पॉवर मेनूतून खाली आणून तो वापरायचा.