रुबिडियम सेलवर पोलरायझेशन रोटेशन मोजणं: बॅलन्स्ड डिटेक्टर की मॉड्युलेटर? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

एकाच रुबिडियम सेलवर (रुबिडियमची वाफ भरलेली काचेची कुपी) दोन्ही पद्धती भरपूर वापरून झाल्यात म्हणून लिहितोय. काम साधंच आहे, ७९५ नॅनोमीटरच्या सर्क्युलर पंप लेझरने अणूंचे स्पिन एका दिशेला लावायचे आणि आडव्या जाणाऱ्या लिनियर प्रोबचं, म्हणजे मोजणीसाठीच्या दुसऱ्या लेझरचं, पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) किती फिरलं ते बघायचं.

बॅलन्स्ड डिटेक्टर मला मनापासून आवडतो. पोलरायझेशन हवं तसं फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट, बीमचे दोन काटकोनी पोलरायझेशनमध्ये भाग करणारा वोलास्टन प्रिझम, दोन फोटोडायोड, दोघांच्या वजाबाकीला बेरजेच्या दुपटीने भागलं की छोटा अँगल थेट रेडियनमध्ये मिळतो, आणि लेझरची पॉवर हलली तरी दोन्हीकडे सारखीच हलते त्यामुळे बराचसा नॉइज कटतो. १ मिलीवॉट प्रोबला शॉट नॉइजची (प्रकाश सुट्या फोटॉननी येतो म्हणून उरणारा नॉइज) मर्यादा साधारण ८ नॅनोरेडियन प्रति रूट हर्ट्झ येते. वरच्या फ्रिक्वेन्सीला तिच्या जवळ जाता येतं, खरा त्रास १० हर्ट्झच्या खाली. सेल तापवणाऱ्या ओव्हनची गरम हवा बीमला हलवते, सेलच्या काचेतला ताण तापमानाबरोबर बदलतो आणि स्क्रीनवर जे हळूहळू सरकतंय ते अणूंचं की काचेचं हेच कळत नाही!

तिथे फोटोइलास्टिक मॉड्युलेटर कामाला येतो. क्वार्ट्झ काचेची पट्टी ५० किलोहर्ट्झच्या आसपास थरथरते, सिग्नल त्या फ्रिक्वेन्सीला उचलला जातो आणि लॉक-इनने (फक्त तेवढीच फ्रिक्वेन्सी वेचणारं उपकरण) वाचायचा, म्हणजे डिटेक्टर आणि लेझर पॉवरचा स्लो नॉइज मागे राहतो. पण मॉड्युलेटरच्या आधीच जे फिरलं, म्हणजे काचेचं आणि हवेचं, ते तो वेगळं काढून देत नाही, हे विकत घ्यायच्या आधी नीट समजून घ्या. बीमचा सगळा रस्ता नळ्यांमध्ये बंद करणं हे माझ्या मते मॉड्युलेटरइतकंच मोलाचं आहे आणि खर्च जवळजवळ शून्य. आणि हो, मॉड्युलेटर किंचित तिरका बसवा, नाहीतर दोन पृष्ठभागांवरून परतणारा लेझर आपसात इंटरफेअर करून खोटा सिग्नल देतो.

प्रोबची फ्रिक्वेन्सी रेझोनन्सपासून (अणू प्रकाश सर्वात जास्त शोषतात ती फ्रिक्वेन्सी) लांब न्यायला घाबरू नका. अ‍ॅब्सॉर्प्शन या फ्रिक्वेन्सीतल्या अंतराच्या वर्गाने घटतं, रोटेशन फक्त अंतराच्या प्रमाणात, म्हणून लांब गेल्यावर अणूंना कमी धक्का बसतो आणि सिग्नल पुरेसा उरतो.

स्लो सिग्नल असेल तर मॉड्युलेटर घ्या, काही शे हर्ट्झच्या वरचं काम असेल तर बॅलन्स्ड डिटेक्टरवर पैसे वाचवून ते चांगल्या सेलवर घाला.