म्यूझस्कोर: नव्या गायकांना कॉयरमध्ये टिकवणारं सॉफ्टवेअर

कॉयरला, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणाऱ्या गटाला, नवे सदस्य हवे असले की बहुतेक गट पोस्टरपासून सुरुवात करतात. पोस्टर बघून माणसं येतातही. पण पहिल्याच तालमीत आल्टोमध्ये (स्त्रियांच्या खालच्या आवाजात) बसवलेल्या बाईंच्या एका कानावर सोप्रानोची (स्त्रियांच्या वरच्या आवाजाची) मुख्य चाल पडत असते, दुसऱ्या कानावर टेनर (पुरुषांचा वरचा आवाज). स्वतःची ओळ सापडत नाही, घरी सराव करायचा तर ऐकायला काही नाही, आणि दोन-तीन तालमींनंतर त्या यायच्या थांबतात. खरी गळती इथे होते. त्यामुळे सदस्यभरतीसाठी काय वापरावं, याचं आमचं पहिलं उत्तर म्यूझस्कोर हे आहे.

म्यूझस्कोर स्टुडिओ हे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) लिहून ते वाजवून दाखवणारं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. २०२२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचा आवाज खूपच सुधारला. कॉयरसाठी त्याचा उपयोग एकच, पण मोठा: प्रत्येक आवाजासाठी वेगळे सराव ट्रॅक तयार करणं.

कामाची सुरुवात तयार फाइल शोधण्यापासून करा. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या कॉयर-रचनांच्या संकेतस्थळावर जुन्या रचनांच्या अनेक पानांवर पीडीएफसोबत म्यूझिक-एक्सएमएल (संगीताच्या प्रोग्रामना वाचता येणारी) फाइलही असते. ती म्यूझस्कोरमध्ये थेट उघडते आणि स्वर भरण्याचे तास वाचतात. नुसती पीडीएफ असेल तर हे सॉफ्टवेअर ती उघडत नाही. ऑडिव्हेरिससारखा स्कॅन वाचणारा प्रोग्राम मध्ये घालावा लागतो, आणि तो ट्रिपलेट (दोन स्वरांच्या वेळात तीन स्वर), एकाच ओळीतले दोन आवाज आणि गीताचे शब्द यांत हमखास चुकतो. चार-पाच पानांची रचना असेल तर हाताने स्वर भरणं जास्त भरवशाचं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण दोन ओळींच्या स्कोरची, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीची. छापील प्रतीत सोप्रानो-आल्टो वरच्या ओळीत आणि टेनर-बास (बास म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज) खालच्या ओळीत एकत्र असतात. म्यूझस्कोरच्या मिक्सरमध्ये (आवाजाची पातळी ठरवण्याच्या पटलात) मात्र प्रत्येक वाद्याला, इथे प्रत्येक ओळीला, एकच पट्टा मिळतो, म्हणजे एका ओळीतले दोन आवाज वेगळे कमी-जास्त करता येत नाहीत. आधी चार स्वतंत्र ओळी तयार करा आणि टूल्समधलं एक्सप्लोड वापरून आवाज सुटे करा. नंतर विराम आणि शब्द डोळ्यांनी तपासा, कारण तिथे गोंधळ राहतो. टेनरची ओळ जोडताना वाद्यांच्या यादीतून ‘टेनर’च निवडा. त्याच्या ट्रेबल क्लेफखाली (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाखाली) ८ असतो. साधा ट्रेबल क्लेफ राहिला तर टेनरची ओळ एक सप्तक वर वाजते आणि नवा माणूस घरी चुकीच्या सप्तकात गाणं पाठ करून येतो.

आता मिक्सर, एफ१० दाबून. आल्टोच्या ट्रॅकसाठी आल्टोचा आवाज ० डेसिबलवर ठेवा, बाकी तिघांचा साधारण उणे १२ वर. आल्टो पूर्ण डाव्या कानात आणि बाकीचे उजव्या कानात टाकले की हेडफोन लावणाऱ्याला एका कानाचा हेडफोन काढून स्वतःची तयारी तपासता येते. एक गोष्ट आवर्जून सांगतो: ज्या आवाजाचा ट्रॅक आहे त्याला कॉयरचा ‘आ’ ध्वनी देऊ नका. मूळ संचातल्या त्या ध्वनीची सुरुवात संथ आणि कंपन जास्त, त्यामुळे स्वर नेमका कुठे सुरू झाला ते नवख्या कानाला कळत नाही. तिथे पियानो किंवा क्लॅरिनेट द्या, ‘आ’ बाकीच्यांसाठी ठेवा. म्यूझ हब या वेगळ्या अ‍ॅपमधून उतरवायचे म्यूझ साउंड्स हे जादा ध्वनिसंच ऐकायला सुंदर आहेत, पण आकाराने मोठे आहेत आणि या कामाला लागत नाहीत.

प्रत्येक आवाजाचे दोन ट्रॅक काढा: एक स्वतःचा आवाज ठळक असलेला, दुसरा स्वतःचा आवाज पूर्ण बंद असलेला. वर एक समतोल, म्हणजे सगळे आवाज सारखे असलेला ट्रॅक. चार आवाजांच्या गाण्याला नऊ फाइली होतात. आवाज बंद असलेला ट्रॅक गट टाळतात, आणि तीच चूक महागात पडते. फक्त ठळक ट्रॅक ऐकणारा माणूस त्या पियानोच्या मागेमागे, अर्धी मात्रा उशिरा गायला लागतो. संथ ट्रॅक हवा असेल तर स्कोरमधली वेगखूणच बदला, उदाहरणार्थ ९६ची ७२, आणि पुढच्या प्रत्येक वेगखुणेलाही तेच प्रमाण लावा. सुरुवातीला एक जादा बार (मात्रांचा एक गट) घालून त्यात पहिला स्वर द्या, नाहीतर गाणाऱ्याला सुरुवातच पकडता येत नाही. श्वासाच्या जागी दोन मात्रांचा शेवटचा स्वर दीड मात्रेचा करून अर्ध्या मात्रेचा विराम ठेवा. यंत्राला श्वास लागत नाही, गायकाला लागतो.

एमपी३ १२८ केबीपीएसवर काढली तर मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, सरावाला एवढा दर्जा पुरतो. निर्यात स्टीरिओच ठेवा, मोनोमध्ये डावा-उजवा भेद नाहीसा होतो. फाइलच्या नावात गाणं, आवाज आणि वेग हवेतच: ‘आल्टो-ठळक-७२’. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की नाव टिकतं.

पोस्टरची पाळी आत्ता येते. त्यावर एका सोप्या, छोट्या गाण्याच्या चारही आवाजांच्या ट्रॅकच्या फोल्डरचा क्यूआर कोड छापा आणि खाली लिहा: तुमची ओळ ऐकून या, खुल्या तालमीत हेच गाणं गाऊ. हात हलवत येण्यापेक्षा ओळ ऐकून आलेला माणूस तालमीत कितीतरी निवांत बसतो. क्यूआर साधा, म्हणजे दुवा थेट कोडमध्येच असलेला घ्या. मधल्या सेवेतून वळवलेला कोड त्या सेवेची मुदत संपली की बंद पडतो. एक मीटरवरून वाचायचा असेल तर तो सुमारे दहा सेंटिमीटर रुंद हवा. खुली तालीम नवीन गाणी सुरू होतात त्याच आठवड्यात ठेवा. तेव्हा जुने सदस्यही चाचपडत असतात. कार्यक्रमाच्या तोंडावर बोलावलेला नवा माणूस इतरांचं पाठांतर बघून घाबरतो. पहिल्याच दिवशी आवाज-चाचणी घेऊ नका. शेजारी त्याच आवाजातला एक पक्का सदस्य बसवा.

उणिवा आहेत. म्यूझस्कोर स्वतः शब्द गात नाही, म्हणून परक्या भाषेतल्या गीताचे शब्द कोणीतरी लयीत बोलून वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात. संचालक जिथे लय ओढतात तिथे ट्रॅक सरळ पुढे जातो. हे नव्यांना आधीच सांगा. मींड-गमकांवर उभ्या असलेल्या समूहगानाला हे सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. तिथे चांगल्या गायकाने फोनवर गाऊन दिलेली ओळच योग्य. स्वामित्वहक्क चालू असलेल्या रचनेचे ट्रॅक वाटण्यापूर्वी प्रकाशकाची परवानगी घ्या, पोस्टरवरच्या गाण्यासाठी तर मुक्त झालेली रचनाच निवडा.

आणि डाउनलोड करताना नीट बघा: सॉफ्टवेअर म्यूझस्कोर डॉट ऑर्गवर मोफत मिळतं. म्यूझस्कोर डॉट कॉम हे स्कोर वाटण्याचं वेगळं संकेतस्थळ आहे, तिथली सशुल्क वर्गणी यातल्या कोणत्याही कामाला लागत नाही.