मार्लिन १८९५ गाइड गन (.४५-७०): बरीच वर्षं वापरल्यानंतर

ओळखीतले दोघंतिघं ही लिव्हरवाली (खालचा दांडा पुढे-मागे फिरवून काडतूस चढवायची) शिकारी रायफल घेऊ का म्हणून विचारत होते, तर एकदाच नीट लिहितो. माझी जुनी आहे, कनेक्टिकटच्या नॉर्थ हेवन कारखान्यातली, साडेअठरा इंची नळी, त्यावर जेएम (जॉन मार्लिन) शिक्का, अक्रोडाचा दस्ता. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या सीझनला दरवर्षी हीच नेतो आणि दाट जंगलासाठी मला तरी दुसरी नको.

तिकडे माउंटन लॉरेलची झुडपं अशी माजलेली असतात की शंभर यार्ड म्हणजे लांबचा शॉट. हरीण दिसतं ते जवळच, दोन झाडांच्या फटीत, क्षणभर, तेव्हा आखूड आणि चपटी बंदूक झटकन खांद्याला लागते, लांब नळीवाली फांद्यांत अडकत बसते. जड गोळी झुडपं कापत सरळ जाते असं लोक छातीठोक सांगतात ते मात्र साफ खोटं, काडीला लागली की कुठलीही गोळी वळू शकते, मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचंच.

हिचं .४५-७० काडतूस १८७३ सालचं, अमेरिकन लष्कराचं. ४०५ ग्रेन (सुमारे २६ ग्रॅम) गोळीचा साधा फॅक्टरी लोड, म्हणजे तयार मिळणारं काडतूस, वेग जेमतेम १३३० फूट प्रति सेकंद, पण हरणाला पुरून उरतो. तगडे लोडही मिळतात, पण बंदूक सातेक पौंडांची, असला धक्का बसतो की पुढच्या शॉटला डोळे आपोआप मिटतात आणि नेम जातो, हरणासाठी कशाला ते. शंभर यार्डांना झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम बरोबर बसवला, तर साधा लोड दोनशेला जवळपास दोन फूट खाली जातो, म्हणजे मोकळ्या शेतांवर शिकार करणार असाल तर ही घेऊच नका.

भरताना काडतूस शेवटपर्यंत ढकललं की गेट (बाजूची स्प्रिंगची झडप) बंद होतं आणि दरवेळी अंगठ्याची कातडी सोलते, म्हणून काडतूस अर्धवट आत ठेवायचं आणि पुढच्यानं त्याला ढकलायचं. मॅगझिन नळीचं, एकाचं टोक दुसऱ्याच्या प्रायमरला (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकतं, त्यामुळे कडक टोकदार गोळ्या अजिबात नाहीत, चपट्या नाहीतर हॉर्नडी कंपनीच्या मऊ टोकाच्या. रिकामी करताना एकेक काडतूस लिव्हर फिरवून काढावं लागतं, त्या वेळी नळी कुठे रोखलीय ते बघा आणि बोट चापापासून लांब. साफसफाई एकदम सोपी, लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून बाहेर, फक्त छोटा इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा तुकडा) पडून हरवू देऊ नका.

२०२० मध्ये रुगर या बंदूक कंपनीनं मार्लिन विकत घेतली, नव्या बंदुका २०२१ च्या अखेरीस आल्या. मित्राची चालवून पाहिली, लिव्हर माझ्यापेक्षा मऊ फिरते, नवीन घ्यायची तर बिनधास्त घ्या.

आणि हो, अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, वैध हंटिंग लायसन्स असणाऱ्यांना अपवाद आहे, दुकानात जायच्या आधी ते बघून घ्या.