वीजतंत्री, तारतंत्री की तीन महिन्यांचा कोर्स?

दहावीचा निकाल लागला की साइटवर कोणीतरी हमखास विचारतं, "पोराला लाइटच्या कामात घालायचंय, आयटीआयला टाकू की तीन महिन्यांचा कोर्स करून देऊ?" फी, वेळ, नोकरी यांचं बोलणं होतंच. मी आधी एवढंच विचारतो, की उद्या त्यानं ओढलेल्या वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या दाखल्यावर, सही कोण करणार?

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना हवा. हे 1956 च्या वीज नियमांत होतं आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही आलं. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देतं. आपण अजून ‘पीडब्ल्यूडी लायसन्स’च म्हणतो.

आयटीआयमधले वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री हे दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास लागते, तारतंत्रीला दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. त्यामुळे तारतंत्री म्हणजे कमी दर्जाचं, असा एक समज पसरलाय. मला तो मान्य नाही. वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग मोटारी, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल यांत जातो. कारखान्यात मेंटेनन्सला जायचं असेल तर तोच घ्यावा. पण घरं, दुकानं, सोसायट्या हेच क्षेत्र ठरलं असेल, तर तारतंत्रीत हात जास्त वेळ वायरिंगवर राहतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला दोन्ही चालतात. दोन्हीनंतर शिकाऊ उमेदवारीही करता येते, आणि ती करावीच. मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत खरी साइट तिथेच दिसते.

आता छोटे कोर्स. सरकारी कौशल्य योजनांमधले असोत की खाजगी, काहीशे तासांत पाया समजतो, त्यात वाईट काही नाही. चार-पाच वर्षं हेल्परकी केलेल्या माणसाला तर ते फार उपयोगी पडतात, कारण जे हाताला येतं त्यामागचं कारण तिथे कळतं. कोरा मुलगा मात्र तीन महिन्यांत तयार होत नाही. फी भरण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या: हे प्रमाणपत्र तारतंत्री परवान्यासाठी ग्राह्य आहे का? उत्तर टाळलं तर समजून जा.

मी स्वतः हेल्पर म्हणूनच आलो. पहिली दोन वर्षं स्विच फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवर, न टाकता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर टाकत होतो, कारण ज्या मिस्त्रींकडे शिकलो ते तसंच टाकायचे. दिवा विझायचा, म्हणजे काम बरोबर झालं असं वाटायचं. स्विच बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते, हे मला वर्गात बसल्यावर कळलं. त्या दोन वर्षांत केलेली घरं आठवली की अजून छातीत धस्स होतं. म्हणून कोर्स कोणताही निवडा, पण नियम शिकवणारा निवडा.

तो ओळखायचा कसा? वर्कशॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, नोट्स कुठल्या सालच्या आहेत. अनेक ठिकाणी आजही 1956 चे नियम घोकून घेतात. त्यांच्या जागी 2010 चे विनियम आले आणि आता 2023 चे लागू आहेत. वायरिंगचं मानक आयएस 732 हे 2019 मध्ये सुधारलं, अर्थिंगचं आयएस 3043 हे 2018 मध्ये. दुसरी, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कपाटात आहे की मुलांच्या हातात. 500 व्होल्ट डीसीवर फेज आणि अर्थमधलं इन्सुलेशन मोजायचं आणि ते एक मेगाओहमच्या खाली आलं तर वायरिंग चालू करायची नाही, हे प्रत्येकानं स्वतः करून पाहिलेलं असावं. तिसरी, एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक एखाद्या मुलालाच विचारा. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला ट्रिप होतो, वायर वाचवतो. गीझरला हात लावलेल्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जाऊ लागला, तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीच सप्लाय तोडतो. मुलगा अडखळला, तर संस्थेची इमारत कितीही चकचकीत असो, पुढची संस्था बघा.

माझं मत विचाराल तर कोवळ्या मुलाला तारतंत्री, मोटारींची आवड असेल तर वीजतंत्री. घर चालवणाऱ्या हेल्परनं काम न सोडता छोटा कोर्स करावा, पण तो परवान्याच्या परीक्षेची तयारी म्हणून. आयटीआयचे अर्ज ऑनलाइन असतात आणि जवळच्या शासकीय आयटीआयच्या चांगल्या ट्रेडच्या जागा पहिल्याच फेऱ्यांत भरतात. तेव्हा पसंतीक्रम भरताना दोन्ही ट्रेड टाका, आणि त्याआधी एकदा मुलाला घेऊन वर्कशॉप बघून या.