वेगळी कोठडी : कागदावर चोख, वापरात ढिली

दंगेखोर कैद्याला बरॅकमधून उचलून वेगळ्या कोठडीत टाकणे ही तुरुंगाची सगळ्यात जुनी सोय. भांडण तिथल्या तिथे थांबतं, संध्याकाळची गणती शांतपणे होते. तेवढ्यापुरती सोय उत्तम. पुढची परीक्षा १८९४ च्या कारागृह अधिनियमावर घासूनच घ्यायची.

कलम ४६ मध्ये शिक्षा म्हणून वेगळं ठेवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. सौम्य प्रकार तीन महिन्यांपर्यंत चालतो : इतरांशी बोलणं बंद, पण रोज किमान तासभर व्यायाम, आणि जेवायला निदान एक तरी कैदी सोबत. कडक प्रकारात बोलणं-चालणं पूर्ण तुटतं. म्हणून तो १४ दिवसांपुरताच. पुन्हा द्यायचा तर आधीचे जितके दिवस, निदान तितकी उसंत मध्ये हवी. दोन्हींत कैदी इतरांच्या नजरेआड जाता कामा नये, त्यामुळे भरीव पत्र्याच्या दाराची कोठडी इथेच नापास.

कलम २९ तर साध्या वस्तूंवर येतं. एकांतकोठडीतून अधिकाऱ्याला केव्हाही हाक पोचेल अशी सोय हवी, आणि २४ तासांहून जास्त आत असलेल्याला डॉक्टर किंवा त्याच्या सहायकाची रोज भेट. घंटा बसवलेली असते. ती वाजते कुठे हे दाबून पाहावं. सात दिवसांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर भेटी झाल्या नाहीत असं खुशाल समजा.

खरी पळवाट नावात आहे. 'शिक्षा' न लिहिता 'सुरक्षा' लिहिलं की १४ दिवसांचा हिशेबच संपतो. (येरवडा, आर्थर रोडची अंडा सेल लोक शिक्षेची समजतात, ती अतिसुरक्षेची.) १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात असंच झालं होतं : फाशीच्या कैद्याला कलम ३० चा आधार घेऊन एकटं ठेवलेलं. या कलमात एकांतवासाची परवानगीच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं.

इंग्लंडमध्ये शिस्तीसाठी वेगळं काढलं तरी घड्याळ लागतं : आधी ७२ तास, मग एका वेळी फार तर १४ दिवस, आणि ४२ दिवसांपुढे जायचं तर तुरुंगाबाहेरून मंजुरी. आपल्याकडे कारणाच्या रकान्यात नुसतं 'सुरक्षा' दिसलं, तर पहिला प्रश्न हाच : फेरतपासणीची तारीख कुठे लिहिली आहे?