मेव्हनच्या एससीएम ब्लॉकमधले तीन ॲट्रिब्यूट्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही मेव्हन हे बिल्ड टूल (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणारं) वापरतो. आमच्याकडे चौदा मॉड्यूल्स (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग), एकच गिट रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) आणि सगळ्यांच्या वर एक पेरेंट पॉम आहे. पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंग्जची फाइल; पेरेंटमधल्या सेटिंग्ज बाकीच्या मॉड्यूल्सना वारशाने मिळतात. सबव्हर्जन ही कोड साठवायची जुनी व्यवस्था सोडून गिटवर आलो, तेव्हा एससीएम ब्लॉकमधले (पॉममध्ये रिपॉझिटरीचे पत्ते लिहायचा भाग) पत्ते तेवढे बदलले आणि विषय तिथेच संपला, असं सगळ्यांनी धरलं.

मग एकदा बिलिंग-एपीआय हे एकच मॉड्यूल वेगळं रिलीझ करायची वेळ आली. रिलीझ प्रिपेअर या मेव्हनच्या कमांडने व्हर्जन बदललं, टेस्ट्स चालवल्या, लोकल कमिटही केलं आणि पुशला (बदल सर्व्हरवर पाठवताना) अडकलं: रिपॉझिटरी सापडत नाही. परवानग्या तपासण्यात दोन तास गेले. शेवटी इफेक्टिव्ह पॉम (वारशाने आलेलं सगळं धरून तयार होणारा अंतिम पॉम) काढला, तर पत्त्यात 'बिलिंग डॉट गिट'च्या पुढे '/बिलिंग-एपीआय' चिकटलेलं!

मॉड्यूलला स्वतःचा एससीएम ब्लॉक नसेल, तर मेव्हन पेरेंटचा पत्ता घेतं आणि त्याला आर्टिफॅक्ट आयडी (मॉड्यूलचं मेव्हनमधलं नाव) जोडतं. सबव्हर्जनमध्ये हे अगदी बरोबर होतं, कारण तिथे ट्रंकखालच्या (कोडच्या मुख्य फोल्डरखालच्या) प्रत्येक फोल्डरला स्वतःचा पत्ता असतो. गिटमध्ये क्लोन होते ती अख्खी रिपॉझिटरी. रूटवरून रिलीझ करताना रूटचाच पत्ता वापरला जातो, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेव्हन 3.6.1 पासून (2019) यावर सरळ उपाय आहे. पेरेंटच्या एससीएम टॅगवर 'चाइल्ड डॉट एससीएम डॉट कनेक्शन डॉट इनहेरिट डॉट अपेंड डॉट पाथ' हे ॲट्रिब्यूट (टॅगवर लिहायची सेटिंग) फॉल्स करायचं, म्हणजे पत्त्याला पुढे काही जोडलं जात नाही. डेव्हलपर कनेक्शन (बदल पाठवायचा पत्ता) आणि यूआरएल (ब्राउझरमध्ये उघडायचा पत्ता) यांच्यासाठी अशीच आणखी दोन आहेत. तिन्ही वेगवेगळी लिहावी लागतात, हे मला अजूनही खटकतं. आम्ही यूआरएलचं विसरलो, तर रिलीझ नीट झालं, पण प्रोजेक्ट साइटवरच्या सोर्सच्या लिंक्स 404 देत राहिल्या.

खरा फायदा पाचव्या महिन्यात कळला. गिट सर्व्हरचं होस्टनेम बदललं आणि आम्ही फक्त पेरेंट पॉम बदलला. शेजारच्या टीमने प्रत्येक मॉड्यूलमध्ये एससीएम ब्लॉक पेस्ट करून ठेवला होता. त्यांना एकेक फाइल उघडत बसावं लागलं, त्यातही दोन राहून गेल्या.

जुनं मेव्हन ही ॲट्रिब्यूट्स ओळखत नाही. म्हणून रॅपर (प्रोजेक्टने ठरवलेलंच मेव्हन वापरायला लावणारी स्क्रिप्ट) टाकून सगळ्यांचं व्हर्जन एकच करून घ्या, बिल्ड सर्व्हरचंसुद्धा. आणि सबव्हर्जनवर असाल तर यांना हात लावू नका. तिथे फोल्डरचं नाव आर्टिफॅक्ट आयडीपेक्षा वेगळं असेल, तर त्या मॉड्यूलच्या पॉममध्ये 'प्रोजेक्ट डॉट डिरेक्टरी' ही प्रॉपर्टी द्या, म्हणजे आयडीऐवजी ते नाव जोडलं जातं.

आता नवीन मॉड्यूल आलं की मर्ज करण्याआधी मी त्याचा इफेक्टिव्ह पॉम काढतो आणि एससीएमचे तिन्ही पत्ते वाचतो. कनेक्शनच्या दोन ओळी 'डॉट गिट'वरच संपायला हव्यात.