डायर वुल्फ की सासवडच्या माळावरचा लांडगा? बाजू ठरवायच्या आधी दोन्हीकडचं बघून घ्या

बायोटेक, झूलॉजी, जेनेटिक्स करणारी पुण्यातली बरीच पोरं सध्या एकाच प्रश्नावर अडलीयेत, की पुढं जीन एडिटिंगच्या लॅबमध्ये शिरून नामशेष प्राणी परत आणायच्या कामात पडायचं, का जे अजून जिवंत आहेत त्यांच्यामागं उन्हातान्हात माळावर फिरायचं. आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतोच, की मेलेली जात उठवणं मुळात बरोबर आहे का. दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवतो, माझं मतही मधे मधे येईल कारण या विषयात मी तटस्थ नाहीये.

आधी परत येतं म्हणजे नक्की काय येतं ते बघा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल कंपनीनं जाहीर केलं की दहा-बारा हजार वर्षांपूर्वी संपलेला डायर वुल्फ परत आला. रोम्युलस, रीमस आणि खलीसी अशी तीन पिल्लं, पांढरीशुभ्र, फोटो सगळ्यांनी बघितले. पण केलं काय होतं, तर आजच्या ग्रे वुल्फच्या, म्हणजे साध्या करड्या लांडग्याच्या, पेशी घेऊन त्यातल्या १४ जनुकांमध्ये २० बदल केले आणि गर्भ वाढवले पाळीव कुत्रीच्या पोटात. काम अवघडच आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो डायर वुल्फसारखा दिसणारा ग्रे वुल्फ आहे, आणि कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शपिरो यांनी पण नंतर साधारण हेच मान्य केलं. निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना आययूसीएन, तिनं तर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच अशा प्राण्यांना मूळ प्रजातीचे बदली प्राणी असंच धरलंय.

आता दुसऱ्या बाजूला आपला लांडगा ठेवा. सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या माळांवर तो आजही आहे. देशात मिळून तीन हजारांच्या आसपास असतील असा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षा फार वेगळा आकडा नाही, आणि भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या सगळ्यात जुन्या लांडगा-वंशांपैकी एक मानतात. याचं घर सरकारी कागदावर बऱ्याच ठिकाणी 'पडीक जमीन' म्हणून पडलेलं असतं, त्यामुळं त्यावर प्लॉटिंग, खड्डे खणून झाडं लावणं, कचरा टाकणं, सगळं चालतं. कचऱ्यावर, पोल्ट्रीच्या टाकाऊ मालावर भटकी कुत्री वाढतात, कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा आजार) लांडग्यांकडं जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे संकर होतो. पुण्याजवळच्या एका माळावर पिवळसर रंगाचे, जरा वेगळेच लांडगे दिसत होते, द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांनी ते हेरले, डीएनए तपासल्यावर ते लांडगा-कुत्रा संकर निघाले. म्हणजे तिकडं २० बदल करून एक लांडगा बनवला जातोय आणि इकडं कुणी काही न करता खऱ्या लांडग्याची जनुकं गावच्या कुत्र्यांमध्ये विरघळून चाललीयेत. मला हे दोन्ही एकाच दशकात घडताना बघवत नाही.

प्राण्यांना काय सोसावं लागतं हा मुद्दा डिबेटमध्ये लोक पटकन उरकतात, तो उरकू नका. स्पेनमधल्या पिरेनीज डोंगरातली बुकार्दो नावाची रानबोकडाची जात २००० साली संपली, शेवटची मादी सेलिया झाड अंगावर पडून मेली. तिच्या गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये क्लोन जन्माला आलं. त्यासाठी पन्नासहून जास्त माद्यांमध्ये गर्भ रोवले, गाभण राहिल्या सात, जन्मलं एकच पिल्लू, आणि फुप्फुसात दोष असल्यामुळं ते काही मिनिटं श्वासासाठी धडपडून गेलं. एकच जात दोनदा नामशेष झाली असं तिच्याबद्दल म्हणतात. मॅमथचं, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचं बोलायचं तर त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक आशियाई हत्ती, म्हणजे आपला हत्ती, जो स्वतःच धोक्यात आहे. बावीस महिने गर्भ वाढवणाऱ्या हत्तिणीवर असे प्रयोग कुणाच्या परवानगीनं करायचे? कृत्रिम गर्भाशयाची कल्पना आहे, पण ते अजून हातात आलेलं नाही. आणि समजा मॅमथचं पिल्लू झालंच तरी त्याला कळपात वागायला शिकवणारी आजी-मावशी कुठून आणणार, हत्तींचं सगळं शिकणं कळपातच होतं.

परत आणणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यात जोरदार मुद्दा कोणता तर माझ्या मते प्रायश्चित्ताचा. ऑस्ट्रेलियाकडचा तस्मानियन टायगर माणसानं बक्षिसं लावून मारला, शेवटचा होबार्टच्या झूमध्ये ७ सप्टेंबर १९३६ ला गेला. अमेरिकेत अब्जावधींनी असलेलं पॅसेंजर पिजन हे रानकबूतर आपण बंदुकीनं आणि जंगलतोडीनं संपवलं, शेवटची मार्था १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या झूमध्ये मेली. आपण मारलं तर भरपाई पण आपणच करावी, हे मला मनापासून पटतं. पण ज्याचं देणं होतं तो तर गेला, त्याच्या नावानं बनवलेल्या नव्या प्राण्याला ते कसं पोचणार? मला वाटतं ते देणं त्या जंगलात आज जे उरलेत त्यांच्याकडं वळतं.

पैशाचं थोडक्यात. २०१७ मध्ये जोसेफ बेनेट या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड आणि न्यू साउथ वेल्सचे आकडे घेऊन हिशोब मांडला होता, त्यात निघालं की तेच बजेट जिवंत प्रजातींवर लावलं तर जास्त प्रजाती वाचतात. यावर उत्तर येतं की हा खाजगी गुंतवणूकदारांचा पैसा आहे, तो माळढोकाला मिळणारच नव्हता. ते बरोबर आहे. पण डायर वुल्फची बातमी आल्या आल्या अमेरिकेचे मंत्री डग बर्गम यांनी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीपेक्षा, नियमांपेक्षा नवं तंत्रज्ञान हाच मार्ग अशा अर्थाचं लिहिलं, खरी भीती तिथं आहे. परत आणता येतं म्हणलं की जपायची घाई कुणाला राहणार?

घराचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना सुटत नाही. चित्ता १९५२ मध्ये भारतातून संपल्याचं जाहीर झालं, २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणले, तिथं लॅब नव्हती काही नव्हतं, तरी मध्य प्रदेशातल्या कुनोची जागा आधी २४ गावं हलवून मोकळी झालेली होती (ती पण गीरच्या सिंहांसाठी). किंमत माणसांनी पण मोजली. आपल्या माळावर उद्या काहीही सोडलं तरी मेंढरं धनगराचीच जाणार आहेत, त्याला विचारल्याशिवाय कुठलीही बाजू घेऊ नका.

मग लॅबला नाही म्हणायचं का? अजिबात नाही. काळ्या पायांच्या फेरेटचं, म्हणजे अमेरिकेतल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्याचं, उदाहरण मला सगळ्यात आवडतं. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये शेवटची वसाहत सापडली, आजचे सगळे फेरेट सात जनावरांपासून वाढवलेले. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी गोठवलेल्या होत्या, त्यापासून २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन क्लोन झाली, पुढं अँटोनिया नावाच्या क्लोनला २०२४ मध्ये पिल्लं पण झाली. म्हणजे जात जिवंत, घर थोडं तरी उरलेलं, आणि हरवलेली जनुकं परत आली. त्याच वर्षी जैसलमेरच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं, दीडशेच्या आत उरलेल्या पक्ष्याचं. तंत्र इथं पण प्रयोगशाळेचंच आहे.

त्यामुळं डिबेटसाठी बाजू हवी असेल तर मी म्हणेन, मॅमथ आणि डायर वुल्फच्या विरोधात उभे राहा आणि फेरेटच्या बाजूनं. करिअर ठरवत असाल तर कुठल्याही प्रोजेक्टला जायच्या आधी तीनच गोष्टी विचारा: गर्भ वाढवणारी मादी कोण, पिल्लू मोठं झालं की राहणार कुठं, आणि कंपनी बंद पडली तर त्याला खायला कोण घालणार. आणि लॅबच आवडत असेल तर माळावरच्या कामालाही लॅबवाले कमीच पडतात. संकर किती पसरलाय हे नुसतं दुर्बिणीतून कळत नाही, विष्ठा आणि केस गोळा करून त्यातला डीएनए वाचावा लागतो. पुण्यातून पहाटे निघालं तर तासाभरात सासवडच्या माळावर पोचता येतं, वन विभागाची परवानगी मात्र आधी काढून ठेवा.